फळा पुसायच्या आधी

उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला आणि अंगावर काळ्या रंगाचे कितीतरी हात चढलेला मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो. वसईजवळच्या गिरीज गावात, केळी-नारळाच्या एका वाडीत, घराच्या पडवीत मी टांगलेला असतो. माझा स्वभाव फार चौकस. कुणी काही लिहिलं की पुढे त्याचं काय झालं, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

ही खोड मला शाळेत लागली. गावातल्या सुताराने मला शाळेसाठीच घडवलं होतं. एकनाथ गुरुजी माझ्यावर गणित घालत आणि मुलं त्याच्याखाली उत्तर लिहीत. उत्तर चुकलं तर फुली, बरोबर आलं तर शाबासकी, आणि मग फडकं. माझ्या अंगावरचा एकही प्रश्न उत्तराशिवाय पुसला गेला नाही. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मी मोडक्या बाकांबरोबर अडगळीत गेलो. तिथे कोळ्यांनी माझ्यावर जाळी विणली. गुरुजी निवृत्त झाले, तेव्हा जाता जाता त्यांनी मला मागून घेतलं. "अजून धड आहे, घरी कामाला येईल," असं ते म्हणाले. ते ऐकून मला भरून आलं होतं. आता गुरुजी नाहीत. घरात त्यांच्या पत्नी लीलाताई, मुलगा देवेंद्र आणि सून हेमांगी असतात.

लीलाताईंची सुकेळी म्हणजे गिरीजचं भूषण. पिकलेली राजेळी केळी सोलायची, मांडवावर चटई घालून उन्हात वाळवायची, रोज परतायची, आणि मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या सोपटात बांधायची. आठवडाभर तरी हे चालतं. लीलाताईंचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा बँकेतली नोकरी सांभाळून हेमांगीने हे काम शिकायला घेतलं. ती टापटिपीची. दर रविवारी संध्याकाळी ती माझ्यावर आठवड्याचा बेत लिहू लागली. सोमवारी घड सोलणे, मंगळवारी परतणे, बुधवारी पाणी सोडणे, असं सगळं सुवाच्य अक्षरात.

पण लिहिण्याआधी लीलाताई ओलं फडकं घेऊन मला लख्ख पुसत. शिळ्यावर ताजं लिहू नये, झालं गेलं उकरू नये, अशी या घरची रीत. मला विचाराल, तर माझा जीव तळमळायचा. गेल्या आठवड्यात परतली का केळी? पाणी सोडलं का? माझं तोंड पडवीकडे आणि मांडव विहिरीमागे. मला दिसणार काय, कपाळ!

कानावर एवढंच यायचं, की सुकेळी आंबली. पुढच्या खेपेला पुन्हा आंबली. बेत दर रविवारी नवा आणि फळ पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एका रविवारी देवेंद्र टेप घेऊन राजेळीची जागा मोजून आला. "आई, ही शेवटची खेप बघू. नाही जमलं तर राजेळी काढतो आणि दोन रूम बांधतो. राजोडीच्या समुद्रकिनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना जागा लागतेच," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही, पण वाया गेलेली केळी उचलून उचलून कंटाळला होता. लीलाताईंनी फडकं भिजवलं आणि त्या माझ्यापाशी आल्या.

हेमांगीने त्यांचा हात धरला. "आई, थांबा जरा. आज पुसायच्या आधी वाचू या."

"शिळं काय वाचायचं गो?"

"बघू तरी, कुठे चुकतंय ते."

मी श्वास रोखला. किती वर्षांनी कुणीतरी मला उत्तर देणार होतं!

हेमांगी एकेक ओळ वाचू लागली आणि झालेल्या कामापुढे खूण करू लागली. सोलणं झालं. परतणं झालं. पाणी झालं. सगळ्या खुणा बरोबर. मग ती खडू हातात धरून तशीच उभी राहिली.

"आई, संध्याकाळी दव पडायच्या आत केळी उचलायची, ते इथे कुठेच नाही."

"ते काय लिहायचं? हातच आपोआप उचलतात."

"रोज तुम्हीच उचलता ना?"

"रोज मीच. बुधवारी तेवढी तू. मी भजनाला जाते ना लवकर."

हेमांगी मटकन झोपाळ्यावर बसली. "मला वाटायचं, तुम्ही उचलून मग जाता. मी दिवेलागणीला येते ती थेट स्वयंपाकघरात."

"आणि मी गुरुवारी सकाळी बघते तर केळी पसरलेली. मनात म्हणते, सूनबाई पहाटेच उठून पसरून गेली, गुणाची गो." लीलाताईंनी कपाळाला हात लावला. "भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

दर बुधवारी केळी रात्रभर दवात भिजत होती, मित्रांनो. जे काम सगळ्यांना पाठ होतं, तेच कुणी लिहिलं नव्हतं. आणि पुसून टाकायची घाई असल्यामुळे ते राहून गेल्याचं कुणाला कळलंही नव्हतं.

त्या रविवारी माझ्यावर एक नवी ओळ आली : 'बुधवार संध्याकाळ, केळी उचलणे, ॲंजेला.' ॲंजेला म्हणजे शेजारच्या वाडीतली. निरोप मिळताच ती कुंपणापलीकडून म्हणाली, "उचलीन की. पण चाखायला पहिलं मला द्यायचं."

पुढच्या रविवारी पहिली खूण ॲंजेलाच्या नावापुढे झाली. आणखी काही दिवसांनी पडवीत गोड, उन्हाचा वास दरवळला. देवेंद्रने एक सुकेळं खाल्लं, मग दुसरं खाल्लं, आणि खडू उचलला. त्याने माझ्यावर लिहिलं : 'शनिवार, राजेळीचे नवे मुनवे लावणे.' मुनवे म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारी रोपं.

तो शनिवार मला जाता जाईना. संध्याकाळी देवेंद्र वाडीतून आला तो थेट माझ्याकडे. खडू शोधायला त्याला धीर नव्हता. मातीने भरलेल्या बोटानेच त्याने त्या ओळीपुढे खूण केली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी आठवड्याचे बेत लिहिले जात असतील. नवं जरूर लिहा. पण फडकं उचलण्याआधी जुन्याजवळ घटकाभर थांबा, काय झालं आणि काय राहिलं ते विचारा. आता लीलाताई रविवारी सगळं वाचून घेतात आणि मग मला लख्ख पुसतात. त्या मातीच्या खुणेपाशी मात्र त्यांचं फडकं वळसा घालून जातं.