आई कुणाकडे राहणार?

शिंप्याकडे राहणाऱ्या आईला श्वासासाठी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन लागायला लागलं, तेव्हा त्याने दुकानात जाऊन छोटे आणि मोठे असे दोन्ही प्रकारचे जनरेटर पाहिले आणि उचलून नेता येणारा छोटा घेतला. शेजारीच राहणाऱ्या धाकट्या भावाने मात्र वीज जाताच आपोआप सुरू होणारा मोठा जनरेटर भिंतीलगत कायमचा बसवून घेतला. शिंप्याच्या पोटात दुखायला लागलं. "नुसता बडेजाव!" तो बायकोला म्हणाला.

एका दुपारी वीज गेली. शिंपी अंगणात धावला आणि घामाघूम होऊन छोट्या जनरेटरची दोरी ओढत राहिला. पाचव्या हिसक्याला जनरेटर सुरू झाला, तोवर आईचे ओठ निळे पडले होते.

संध्याकाळी धाकटा आला. "दादा, आईला माझ्याकडे राहू दे."

"तुझ्याकडे सगळंच आहे. आता आईसुद्धा हवी?" शिंपी फटकन म्हणाला.

आई खाटेवरून म्हणाली, "अरे, मला श्वास हवाय."

शिंप्याने मान खाली घातली. मशीन त्याने स्वतः उचलून धाकट्याकडे नेलं, आईची उशी नीट लावून दिली. आज ती निवांत झोपेल हे त्याला कळत होतं. तरी परतताना त्या मोठ्या जनरेटरकडे बघून त्याचा जीव जळायचा तो जळलाच.