चढती रेघ

"हात सैल सोड दादा, मूठ नको आवळूस," म्हणत तिने सुई टोचली.

"आई गेल्यावर तुझ्या वेण्या मी घातल्या, आणि तू मला रोज टोचतेस."

"किती ओढून घालायचास. त्याचंच उट्टं काढतेय."

इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात तिची उमेदीची वर्षं गेली होती. दादाच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. ऑपरेशन अटळ होतं, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स सुस्तावल्या होत्या. चिरलं असतं तर रक्त थांबलं नसतं. म्हणून गोळ्या बंद करून सर्जन वाट पाहत होते. गोळ्या सुटल्या की कधीही गुठळी होऊ शकते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण दुसरा इलाज नव्हता.

रक्ताची नळी हिंदकळू न देता ती खाली प्रयोगशाळेत घेऊन आली. नळी चक्रात गरगर फिरवून वर आलेलं पिवळसर पाणी तिने तपासणीच्या यंत्रात ठेवलं, प्लेटलेट्सना चेतवणाऱ्या औषधाचा थेंब टाकला. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की पाणी निवळतं, उजेड आरपार जातो आणि पडद्यावर रेघ चढते. कालपर्यंत ती आडवीच पडून होती. आज सरसर वर गेली; प्लेटलेट्स जाग्या झाल्या होत्या. विश्वास बसेना म्हणून तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तेच.

लिफ्टची वाट न बघता ती जिना चढली. सर्जनांनी कागद पाहिला. "छान. उद्या सकाळी पहिला नंबर यांचाच."

दादाच्या उशाशी बसलेल्या वहिनीचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. दादा म्हणाला, "म्हणजे उद्यापासून टोचणं बंद."

दुपारी पाणी पिता पिता त्याच्या हातातला पेला निसटला. छाती दाबून तो उशीवर कलंडला. धावाधाव झाली, पडदे ओढले गेले. बऱ्याच वेळाने सर्जन बाहेर तिच्याकडे आले.

"गुठळी. नाही वाचवता आलं," ते म्हणाले. "एक रात्र मिळायला हवी होती. तुमच्या रिपोर्टमध्ये काही चूक नव्हती."

"माहीत आहे, सर."

चूक असती तर निदान स्वतःला बोल तरी लावता आला असता.

वहिनी पलंगाशी बसली होती. रडत नव्हती. तिने विचारलं, "वन्सं, सकाळी रिपोर्ट चांगला आला म्हणाला होतात ना?"

"चांगलाच होता, वहिनी."

वहिनीने मान डोलावली. तिने दादाच्या अंगावरची चादर सारखी केली आणि त्याच्या पायांवरून उगाच हात फिरवत राहिली.