अठरा शतांशांची ढिलाई

चौथा तुकडाही वाया गेला. मिस्त्रींनी तो व्हाइसच्या जबड्यातून सोडवला, फडक्याने पुसला आणि चरातून नख फिरवलं. पंपाच्या झाकणातला हा चौकोनी चर. त्यात रबराची पट्टी बसते आणि पाणी अडतं. नख तीन बाजूंनी सुरळीत गेलं आणि चौथी बाजू पहिलीला मिळते त्या कोपऱ्यात अडलं. तिथे पायरी होती. दोन केसांच्या जाडीची असेल, पण पाणी गळायला तेवढी पुरते.

"पुन्हा तिथेच?" सुनेने विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली आणि तुकडा आधीच्या तिन्हींशेजारी ठेवून दिला.

शुक्रवार होता, दुपारचे साडेबारा. संध्याकाळी सहाला जुन्या मशिनींचा दलाल टेम्पो घेऊन येणार होता. वर्कशॉप चालवणाऱ्या मेहुण्याने स्पष्ट सांगितलं होतं, की तोवर एक धड झाकण निघालं तर हे चर कापणारं मिलिंग मशीन राहील, नाहीतर जाईल, आणि झाकणं बाहेरून करून घेतली जातील. मग मिस्त्रींसाठी दाराजवळचं टेबल होतं, फोन आणि चलनं. आता बसून राहा की भाऊजी, असं तो म्हणाला होता. प्रेमाने म्हणाला होता, म्हणून जास्त लागलं.

मशीन लहानच, टेबल जेमतेम हातभर. घेतलं तेव्हा त्याला हिरव्या अक्षरांचा कंट्रोल होता; आकडे दिले की टेबल आपोआप सरके. अकरा वर्षांपूर्वी तो कंट्रोल जळाला. त्याचं कार्ड बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. मिस्त्रींनी मोटरी तशाच ठेवून त्यांच्या मागे हँडलं बसवली आणि अकरा वर्षं तेच काम हाताने केलं. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही.

गेल्या वर्षी झाकणं परत यायला लागली. चर कोपऱ्यात थांबायला हवा तिथे थोडा पुढे गेलेला असे. मेहुण्याने कारण विचारलं तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, की टेबल सरकवणारा स्क्रू झिजलाय. "नाचता येईना, अंगण वाकडं," मेहुणा म्हणाला, आणि पुढे झाकण परत आलं की दर वेळी हेच ऐकवू लागला. मिस्त्री ऐकून घेत. स्क्रूचं त्यांनी खोटंच सांगितलं होतं. उजवा हात कापायला लागला होता. अंगठ्यापासून सुरुवात झाली, मग मनगटात आलं. घरी बायको मोठ्या कपात अर्धाच चहा द्यायला लागली होती.

म्हणून मशीन पुन्हा आकड्यांवर चालवायचं खूळ त्यांनी काढलं. सून लिफ्टच्या कंट्रोलची दुरुस्ती करते. तिने आठवड्याची रजा टाकली. मोटरी जुन्याच, पण चांगल्या निघाल्या. तिने नवं कार्ड आणलं आणि ऑफिसने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर त्याला जोडला. मंगळवारी एक मोटर उलटी फिरली. बुधवारी दहा मिलिमीटर सांगितले तर टेबल साडेबारा सरकलं. तिने आकडा दुरुस्त केला. गुरुवारी कटरच्या जागी पेन लावून कागदावर चौकोन काढला, तो बरा दिसला. तारांचे बारीक स्क्रू पिळायचे तेव्हा मिस्त्री पेचकस तिच्या हातात देत आणि हल्ली डोळ्यांना दिसत नाही म्हणत.

"बाबा, कार्ड बरोबर सांगतंय," सून आता म्हणाली. "टेबल ऐकत नाहीये. मोजून बघू."

तिने डायल लावला. हा शतांश मिलिमीटर दाखवणारा काटा. त्याचं टोक टेबलाला टेकवलं की टेबल किती हललं ते कळतं. टेबल उजवीकडे एक मिलिमीटर नेलं, मग तेवढंच परत आणलं. पण काटा शून्यावर थांबेना. पुढेमागे, पुढेमागे, घड्याळ बिघडल्यासारखा.

मिस्त्रींचा हात सवयीने टेबलाच्या कडेवर होता.

"बाबा, हात काढा."

त्यांनी हात काढला. काटा उभा राहिला. त्यांनी हात पुन्हा ठेवला, स्वतःच, आणि दोघं काट्याकडे बघत राहिले.

"किती दिवस?" तिने हळू विचारलं.

"झालं वर्ष."

"मामांना माहीत आहे?"

"नाही."

तिने वहीत आकडा लिहिला. काटा शून्याच्या अठरा घरं अलीकडे थांबला होता. अठरा शतांश. मोटर परत फिरली होती, पण स्क्रू आणि नट यांच्यातली ढिलाई संपेपर्यंत टेबल हललंच नव्हतं.

म्हणजे स्क्रू खरोखरच झिजला होता. मिस्त्रींना हे कळायला थोडा वेळ लागला. हाताने काम करताना ते नेहमी हँडल थोडं जास्त मागे नेत, मग पुढे आणून आकड्यावर धरत. शिकतानाच लागलेली सवय. तिच्यामुळे ढिलाई कधी दिसलीच नाही. हात बरा होता तोवर त्याने दहा वर्षं स्क्रूवर पांघरूण घातलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

सुनेने अठराचा आकडा कॉम्प्युटरला दिला, म्हणजे दिशा बदलताना तो तेवढं जास्त फिरेल. पाचवा तुकडा कापला. पायरी कमी झाली, गेली नाही. तिने टेबल वेगवेगळ्या जागी नेऊन मोजलं. मधोमध अठरा, थोडं बाजूला अकरा, टोकाला सहा. कॉम्प्युटर एकच आकडा घेत होता. नवा स्क्रू मागवला तर तीन आठवडे, असं ती म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मिस्त्री टेबलाकडे बघत उभे राहिले. व्हाइस मधोमध होता. अकरा वर्षं मधोमधच होता. सगळं काम तिथे झालं, म्हणून स्क्रू तिथेच झिजला.

"व्हाइस टोकाला नेऊ," ते म्हणाले. "तिथला स्क्रू कोरा आहे."

बोल्ट सुनेने पाइप लावून सोडवले. व्हाइस दोघांनी सरकवला. पण सरकवून भागत नाही. तो टेबलाच्या चालीला सरळ लागतो, आणि त्यासाठी डायलवर नजर ठेवून नायलॉनच्या हातोड्याने टिचक्या माराव्या लागतात. मिस्त्रींनी तीनदा मारून पाहिलं. तिन्ही वेळा व्हाइस पलीकडे गेला. सुनेने हे काम कधी केलं नव्हतं. तीन वाजले होते.

दहा पावलांवर मेहुणा लेथ मशीनवर काम करत होता. मिस्त्री त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले आणि व्हाइस सरळ करून दे म्हणाले.

"मी?" मेहुण्याने मान वर केली नाही. "तुमच्यासारखा व्हाइस लावणारा आहे का कोणी इथे?"

मिस्त्रींनी उजवा हात लेथच्या दिव्याखाली धरला. हात थरथरतच राहिला.

मेहुण्याने हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि लेथ बंद केलं.

"मी वर्षभर अंगण वाकडं, अंगण वाकडं करत होतो," तो म्हणाला. "एकदा तरी गप्प बस म्हणायचं, भाऊजी."

"अंगण खरंच वाकडं आहे. आत्ताच मोजलं. अठरा शतांश."

"आणि?"

"आणि नाचताही येत नाही."

मेहुण्याला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर आलं नाही. हात पुसत तो मिलिंगकडे गेला.

पुढचा पाऊण तास तो टिचक्या मारत होता आणि मिस्त्री शेजारी उभे राहून सांगत होते. अजून. अजून थोडी. ही जास्त झाली, पलीकडून दे. बोल्ट आवळला की पुन्हा हलेल, आधीच तेवढं सोड. मेहुणा एकदा पुटपुटला, की एवढं तर बहिणीनेही कधी ऐकवलं नाही. सुनेने ढिलाईचा आकडा सहा केला.

सहावा तुकडा पाच वाजून दहा मिनिटांनी निघाला. मिस्त्रींनी तो मेहुण्याकडे दिला. त्याने चरातून नख फिरवलं, एकदा सुलट, एकदा उलट, मग सुनेलाही फिरवायला लावलं. मग फोन घेऊन दाराबाहेर गेला. टेम्पो पाठवू नका, असं तो दलालाला सांगताना ऐकू आलं.

आत आला तेव्हा मिस्त्री स्टुलावर बसले होते. काम चालू असताना ते कधी बसत नसत. आनंद व्हायला हवा होता. पोटऱ्या दुखत होत्या एवढंच कळत होतं.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," मेहुणा म्हणाला.

"सोमवारी माल द्यायचाय."

"मग मंगळवारी. मी येतो बरोबर."

मिस्त्रींनी बरं म्हटलं. वाद घालायला त्राण नव्हतं, आणि वाद घालण्यासारखं काही उरलंही नव्हतं. मेहुण्याने पुढचा तुकडा व्हाइसमध्ये धरला. तो डावीकडून नीट टेकला नव्हता. मिस्त्रींनी सांगितलं, त्याने पुन्हा ठोकून बसवला. सुनेने बटण दाबलं. एका झाकणाला पस्तीस मिनिटं लागत होती आणि सोमवारच्या मालातली अजून अकरा बाकी होती.