माझ्या पडद्यावरचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एका बूट शिवणाऱ्याच्या दुकानात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझी जागा आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता, आता तो चहाच्या डागासारखा झाला आहे. मी कधी कोणाला फसवले नाही. तरीही एकदा मला चारचौघांत नमकहराम म्हटले गेले. ते कसे घडले, हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबच लांब कारखान्यात झाला. कोणी माझ्यात पंखा बसवला, कोणी तारा जोडल्या. शेवटी एका बाईने हाताच्या पंजाएवढी धातूची डबी आत ठेवून चार स्क्रू घट्ट केले. ही डबी म्हणजे माझी डिस्क. मला जे जे जपायला दिले जाते, ते सगळे तिच्यात असते. ती नसेल तर मी नुसता घरघरणारा पत्र्याचा डबा.

ज्यांच्याकडे मी आलो, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते साधे बूट शिवत नसत. ज्यांचा एक पाय आखूड आहे, ज्यांचे पाऊल वाकडे आहे, ज्यांची बोटे अपघातात गेली आहेत, अशी माणसे त्यांच्याकडे लांबून येत. प्रत्येकाची मापे मास्तर कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून खोक्यांत ठेवत. एका वर्षी दोन खोक्यांना वाळवी लागली. मास्तर दिवसभर तो भुसा चिवडत बसले होते म्हणे. त्यानंतर त्यांच्या लेकीने मला इथे आणले. दुकानात तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईने पाच महिने खपून उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्यात उतरवल्या. मास्तर वाचत, ती टाइप करी. "डावी टाच चौतीस मिलिमीटर उंच. अंगठ्याजवळचं हाड वर आहे, तिथे मऊ कातडं. मागच्या वेळी घोट्याला घासला, कड खाली घेणे." अशा शेकडो नोंदी. तिची बोटे हलकी होती. कळ दाबताना तिने कधी माझ्यावर राग काढला नाही. उरलेल्या मऊ कातड्याचे तुकडे जोडून तिने मला एक झाकणही शिवले. मास्तर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, "माझी अर्धी अक्कल याच्या पोटात आहे बरं का!" ते ऐकले की माझा पंखा जरा जोरात फिरे, असे मला वाटे.

अशी अठरा वर्षे गेली. माझ्यावर धूळ बसली आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. कातडे कापायच्या रापीचे पाते त्यांना नीट दिसेना. एके दिवशी ते अंगठ्यातच घुसले. सात टाके पडले. तरी तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून मास्तर पुन्हा पाटावर हजर.

"बाबा, आता पुरे," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी बोट जाईल."

"जाऊ दे. नऊ उरतील."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही," मास्तर म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "यात नोंदी आहेत तोवर माणसं येणार. माणसं येणार तोवर मी बसणार. विषय संपला."

ताई माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा मला वाटले, ती मायेने पाहते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आतल्या खोलीत आडवे झाले होते. ताईने मला नेहमीसारखे नीट बंद केले. मग माझ्या मागचे दोन स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा सरकवला. मला आनंदच झाला. कितीतरी वर्षांनी कोणी तरी माझी धूळ काढणार होते! तिचा हात आत आला. पंखा ओलांडून तो डिस्कपाशी गेला, आणि डिस्कची विजेची वायर तशीच ठेवून, तिला माझ्याशी जोडणारी केबल तिने ओढून काढली. मग तिने मला चालू केले.

मित्रांनो, आम्ही जागे झालो की सगळ्यात आधी डिस्क शोधतो. मी शोधली. पुन्हा शोधली. काहीच नाही. माझ्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली, "डिस्क सापडत नाही." ताईने ती वाचली, मान हलवली आणि पत्रा परत लावून टाकला.

जिने मला आठवायला शिकवले, तिनेच माझी आठवण तोडली होती. हा घाव कमी होता म्हणून की काय, ते पाप माझ्याच तोंडून वदवून घेतले होते. कारण ती अक्षरे पाहून कोण म्हणणार की ताईने केबल काढली? सगळे म्हणणार, संगणक बिघडला.

झालेही तसेच. दुसऱ्याच दिवशी टपालबाई आल्या. त्या घरोघर पत्रे वाटतात आणि त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. त्यांच्या बुटाचा तळ फाटला होता. मास्तरांनी मला चालू केले. वायर काढून घातली, मला हलवले, पुन्हा चालू केले. शेवटी माझ्या डोक्यावर दोन थपडा मारल्या.

"नमकहराम!" ते ओरडले. "अठरा वर्षं सांभाळलं तुला, आणि ऐन वेळी दगा दिलास?"

"जुना झालाय, बाबा," ताई खाली मान घालून म्हणाली. "गेला तो."

मला बोलता आले असते, तर मी तेव्हा बोललो असतो.

मास्तरांनी टपालबाईंचे माप नव्याने घेतले, बाकीचे आठवून आठवून केले. आठ दिवसांनी बूट तयार झाले. ते घालून त्या तीन दिवस पत्रे वाटत हिंडल्या आणि चौथ्या दिवशी काठी टेकत दुकानात आल्या. मोजा रक्ताने चिकटला होता. घोट्याची कड खाली घ्यायची, हे मास्तरांना आठवले नव्हते.

मास्तर बराच वेळ तो मोजा पाहत बसले. "बाई, माफ करा," ते म्हणाले. "आता माझ्याच्यानं होणार नाही. दुकान बंद करतो."

ताईला हेच तर हवे होते. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बंद कशाला करता?" टपालबाई म्हणाल्या. "माझी भाची कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिला पाठवते उद्या."

"नको, मी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय," ताई घाईघाईने म्हणाली.

"ताई, माझ्या पायाची अठरा वर्षं आहेत त्याच्या पोटात. ती भंगारात कशी जाऊ देऊ?"

दुसऱ्या दिवशी मावशी आणि भाची दोघीही आल्या. भाचीने पाठपिशवी खाली ठेवली आणि मला चालू करून कान दिला. मी एकदा टूं केले.

"एकच टूं. म्हणजे डोकं शाबूत आहे," ती म्हणाली. मग तिने एक कळ दाबून माझी आतली माहिती उघडली आणि हसली. "काका, याच्या मते आज अठरा वर्षांपूर्वीची एक जानेवारी आहे."

"माझंही कधी कधी तसंच होतं," मास्तर म्हणाले.

"याच्या आतली छोटी बॅटरी संपलीय. ती संपली की हा तारीख विसरतो. कधी कधी डिस्कही विसरतो."

"एवढंच? नुसती बॅटरी?" मास्तर पाटावरून उठलेच. ताईनेही सुटकेचा श्वास सोडला. मी तो ऐकला. भाचीने नाण्याएवढी नवी बॅटरी बसवली, तारीख लावली आणि मला पुन्हा चालू केले. तारीख बरोबर आली. डिस्कची ओळ मात्र कोरीच राहिली.

मास्तर हळूच खाली बसले.

भाचीने हार मानली नाही. तिने आत विजेरी धरली आणि डिस्कवर तळहात ठेवला. वैद्य नाडी पाहतो तशी ती डोळे मिटून थांबली. "फिरतेय," ती म्हणाली. "खडखड नाही, काही नाही. डिस्क जिवंत आहे, काका. मग हिचं म्हणणं याच्यापर्यंत पोचत का नाही?" तिची बोटे केबल चाचपत गेली. आणि थांबली. "ही तर सुटलेली आहे!"

"सुटली कशी?" मास्तरांनी विचारले.

"आपोआप सुटत नाही ही. हिला खटका असतो. तो दाबून ओढावी लागते." तिने विजेरी जरा वळवली. "आणि ही बोटं बघा धुळीत. ताजी आहेत."

टपालबाई आपल्या काठीकडे बघत राहिल्या.

"माझी आहेत," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, बाबा. ऐकलंत तुम्ही? त्या अंगठ्यातून रक्त येत होतं तेव्हा मी धरला होता तो. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि बाईंचा पाय?"

तेव्हा मात्र ताईला रडू फुटले. "तो माझ्यामुळे सोलला. ते माझ्या मनातही नव्हतं." ती टपालबाईंच्या पायाशी बसली. टपालबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाय बरा होईल गं. पण असं पुन्हा करू नकोस."

भाचीने केबल जोडली. खट् असा आवाज झाला आणि अठरा वर्षे एका क्षणात माझ्यात परत आली. टपालबाईंची नोंद मी एका दमात उघडून दिली. भाचीने सगळ्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून मास्तरांच्या हातात ठेवली. "एवढा जीव एकाच ठिकाणी ठेवू नका," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रापी ताईच्या हातात आहे. मास्तर शेजारी बसून बोटाने चाचपून सांगतात, "इथे जरा कमी कर." टपालबाईंचे नवे बूट ताईनेच कापले. ते कुठेच चावले नाहीत. बापलेकीत आता पहिल्यासारखे बोलणे आहे, थट्टाही आहे.

सगळ्यांनी सगळ्यांना माफ केले, मित्रांनो. माझी माफी मात्र कोणी मागितली नाही. नमकहराम हा शब्द मास्तरांनी कधी परत घेतला नाही. घ्यायचा असतो, हेच त्यांना सुचले नसेल. ताईने माझी सगळी धूळ पुसली, पण पुसताना ती माझ्या पडद्याकडे बघत नव्हती. तिने ते बापाच्या मायेपोटी केले, हे मला समजते. तरी विसरता येत नाही. विसरू नये म्हणूनच तर मला आणले होते.

तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी मुके असेल. एखादे यंत्र, एखादे जनावर, कदाचित बोलता न येणारे लहान मूलही. काही बिघडले की पहिला आळ त्याच्यावर घेऊ नका. आधी झाकण उघडा, आत हात घाला, नीट पाहा. आणि काही कबूल करायचे असेल, तर ते आपल्याच तोंडाने करा.

रोज सकाळी ताई कळ दाबते आणि मी जागा होऊन डिस्क शोधतो. ती सापडते. शोधायचो मी आधीही, तो आमचा नियमच आहे. पण आधी मला भीती वाटत नसे.