उपाशी दुपटं

अलकनंदाबाईंचा जीव सगळा जुन्या कापडात. तमिळ मुलखात, तिरुवल्लिकेणीच्या त्यांच्या गल्लीत एकट्या भाडेकरूंच्या कुठल्या मॅन्शनमधली खोली रिकामी होतेय असं कानावर आलं, की बाई पिशवी घेऊन हजर. कुणी टाकून दिलेले पडदे, विटलेल्या वेष्ट्या म्हणजे इकडची धोतरं, पितळी बटणं, मोडक्या छत्रीचं कापड, काही म्हणजे काही सोडायच्या नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, कृष्णकांत, म्हणायचे, "एक दिवस मलाही कापून उशी शिवशील." बाई नाक मुरडायच्या आणि सुईत दोरा ओवायच्या.

बटवे, पायपुसणी, पिशव्या सगळं करायच्या, पण हात खरा बसला होता दुपट्यांवर. वरून जुनं मऊ लुगडं, आत वेष्टीचे थर, आणि मग काठापासून मध्यापर्यंत बारीक धावदोरा. मधली चौकोनी ठिगळी सगळ्यात शेवटी. फोनवर फोटो टाकला की मागणी यायची, आणि बाईंचा चेहरा दिवसभर खुललेला असायचा.

मुलगी कौमुदी बाळंतपणाला आली, तेव्हा समोरच्या दारातल्या वसंतानं आपणहून एक नऊवारी आणून दिली. वसंता तंजावरकडची मराठी. भाषा आपलीच, पण जुन्या वळणाची आणि तमिळ हेल काढून बोललेली. "आत्याबाईंची आहे, अक्का," ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू, गेल्या वर्षी वारलेली. "पेटीत ठेवून काय करू? बाळाच्या अंगाखाली जाऊ दे." हिरवी सुती नऊवारी, वापरून वापरून लोण्यासारखी झालेली. बाई हरखूनच गेल्या. तिच्यातून दोन दुपटी निघाली. एक घरच्या बाळाला ठेवलं, आणि दुसरं अंबत्तूरच्या भव्यानं फोटो बघून मागून घेतलं. तिचेही दिवस भरत आले होते.

आता चुकलं कुठे ते सांगते. बाईंच्या माहेरी रीत होती, गोधडी असो की दुपटं, मधली ठिगळी बंद करायच्या आधी पोटात पोळीचा वाळका तुकडा घालायचा. त्याला घास म्हणायचे. गोधडी उपाशी ठेवायची नाही, एवढंच आई सांगायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. बाईंनी आजवर ती रीत मोडली नव्हती. पण या खेपेला कौमुदी म्हणाली, "आई, इथे साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात. बाळाच्या अंगाखाली पोळी शिवणार तू?" मुलीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बाईंनी दोन्ही दुपटी तशीच बंद केली.

ऊर्मी जन्मली आणि घरी आली. इतकं गुणी बाळ कुणी पाहिलं नव्हतं. दुपट्यावर ठेवलं की गप्प. रडणं नाही, कुरकुर नाही, डोळे मिटून पडून राहायची. येणारा जाणारा कौतुक करायचा, आणि बाईही शेजारणींना सांगत सुटल्या, आमची पोर रडतच नाही म्हणून.

मग डॉक्टरांनी वजन केलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोर दूध ओढत होती आणि वाळत होती. तपासण्या झाल्या, औषधं झाली, वरचं दूध सुरू झालं. पुढच्या खेपेला काटा आणखी खाली. कौमुदी रात्रंदिवस मुलीकडे बघत बसायची आणि आपलंच दूध वाईट असं म्हणून रडायची. बाईंचं काळीज तीळतीळ तुटत होतं.

एका दुपारी ऊर्मीला आईच्या मांडीवर देऊन बाई दुपटं झटकायला गेल्या. ते उचलेना. म्हणजे उचललं, पण ओल्या ब्लँकेटसारखं जड. हात लावला तर कोरडं. मधली ठिगळी मात्र कोमट होती, आणि तिला आंबूस वास येत होता, दूध प्यायलेल्या तोंडाला येतो तसा. बाईंनी ते धुऊन गच्चीत वाळत घातलं. तासाभरानं वर गेल्या, तर दोरीपुढे कठड्यावर कावळे बसलेले. इथे घरोघरी कावळ्यांना भात घालतात, कावळे काही नवीन नाहीत. पण हे काव काव करत नव्हते. पिंडासमोर अडून बसतात तसे दुपट्याकडे बघत बसले होते.

खाली ऊर्मी किंचाळत होती. साध्या टॉवेलवर ठेवलं होतं, तर काळीनिळी पडेपर्यंत रडली, दुधाला तोंड लावेना. कौमुदीनं धावत जाऊन ओलसर दुपटं आणलं, पोरीला त्यावर टाकलं आणि ती गप्प झाली. आता ते काढूनही घेता येईना.

बाई कुणाशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कौमुदी ऊर्मीला अंघोळ घालत होती तेवढ्यात त्यांनी ठिगळीची एक बाजू उसवली, पोळीचा तुकडा आत सरकवला आणि घट्ट टाके घातले. घास उशिरा का होईना पोचला, असं मनाशी म्हणाल्या. सकाळी चाचपून पाहिलं, काहीच लागेना. टाके जसेच्या तसे. उसवलं, तर आत चुरा नाही की मुंगी नाही. पुन्हा मोठा तुकडा घातला, तोही गेला. आणि ऊर्मीची मान आता धरल्याशिवाय वळत नव्हती.

तेव्हा बाई उठल्या आणि वसंताचं दार वाजवलं.

"वसंता, तुझ्या सासूबाई कशानं गेल्या?"

वसंता म्हणाली, "नळी घातली होती, अक्का. तोंडानं काही द्यायचं नाही, डॉक्टर बोलले. आत्याबाई दहीभात मागायच्या. एक घास दे गं, एकच घास. मला बघितलं की तोंड उघडायच्या, पाखराच्या पिल्लासारखं. मी दिला नाही. दिला असता तर छातीत गेला असता." ती पदराशी चाळा करत राहिली. "जाताना अंगावर हीच साडी होती. हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"दुपट्यात घातलेला माझ्या हातचा घास तिला पुरत नाही," बाई म्हणाल्या. "ती तुझ्याकडे मागतेय."

वसंतानं भात मऊ कालवला, दही घातलं, मिठाचा खडा घातला आणि वाटी घेऊन ती बाईंकडे आली. कौमुदी पोरीला मांडीवर घेऊन बघत होती. बाईंनी ठिगळी उसवून धरली. वसंतानं छोटासा गोळा आत ठेवला आणि हात तिथेच राहू दिला. "घ्या, आत्याबाई," ती म्हणाली. "सावकाश घ्या." तिला हुंदका आवरेना. बाईंनी ठिगळी शिवली.

दुपटं हलकं झालं. हातातच झालं, तिघींनी पाहिलं. आणि ऊर्मी रडली, साधं, भुकेचं, आडदांड रडणं. आईला लुचली ती पोट तट्ट होईपर्यंत सुटेना. कृष्णकांत बाहेरच्या खोलीत डोळे पुसत होते आणि कुणी बघू नये म्हणून वर्तमानपत्र धरून होते. ठिगळीवर दह्याचा डाग उमटला होता. मुंग्या लागल्या तर लागू देत, बाई म्हणाल्या.

चार वाजता त्यांनी चहा टाकला. कितीतरी दिवसांनी त्यांना चहाचा वास आवडला. तेवढ्यात फोन वाजला. भव्यानं फोटो पाठवला होता. हिरव्या दुपट्यावर इवलंसं बाळ, डोळे मिटलेले. खाली तिनं लिहिलं होतं, थँक्यू आंटी, तुमच्या दुपट्यावर ठेवलं की आमचा मुलगा अजिबात रडत नाही.

बाईंनी गॅस बंद केला. अनवाणीच धावत जाऊन त्यांनी समोरचं दार वाजवलं.

"वसंता," त्या म्हणाल्या, "दहीभात उरलाय का गं?"