काल्याच्या दिवशीचं कुलूप

मोहटोल्यात मोबाईलला रेंज नाही. आलापल्लीकडून सागाचं रान चालत येतं ते थेट गावच्या बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, पाळीपर्यंत, आणि एवढ्याशा वस्तीसाठी टॉवर उभारण्यात कोणाला काही राम दिसत नाही. गावात इंटरनेट दोनच ठिकाणी. एक ग्रामपंचायतीत, आणि दुसरं वामनरावांच्या घरी. वामनराव वनखात्यातून निवृत्त झालेले. पंचायतीपर्यंत आलेली तार त्यांनी पुढे आपल्या घरापर्यंत ओढून घेतली, कारण नातू मिथुन दहावीला होता.

बाकीच्या घरांतली पोरं संध्याकाळी नेटसाठी पंचायतीच्या ओट्यावर मच्छर मारत बसत. शाळेचे सर गृहपाठ ग्रुपवर टाकत, खाली लिहीत, ‘सर्वांनी आजच पाठवावा.’ सर्वांनी! जणू प्रत्येकाच्या घरी तार लोंबत होती.

वामनराव माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. कीर्तनात टाळ वाजला की त्यांच्या डोळ्यांना धार लागे. गावचा सप्ताह अकरा वर्षं त्यांनीच चालवला. मंडप पंचायतीला लागूनच, म्हणून यंदा हौस अशी की तिथल्या नेटवर कीर्तन फोनवरून लाइव्ह दाखवायचं, म्हणजे नागपूरच्या लेकीला, चंद्रपूरच्या साडूला घरबसल्या पुण्य. पण पहिल्याच दिवशी चित्र अडकलं. लेकीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोन आला, “बाबा, महाराज जांभई देऊन राह्यले का? पाच मिनिटांपासून तोंड उघडंच हाय!”

मंडपात हशा पिकला. वामनरावांना तो झोंबला. त्यांनी पंचायतीचा शिपाई सुकलू याला बोलावलं. “पासवर्ड बदलव. पोट्टे सारं नेट खाऊन टाकतात. हप्ताभर देवाचं काम, मंग त्याइचं.”

नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून वामनरावांच्या खिशात गेला. ओटा ओस पडला. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार?

त्याच हप्त्यात पत्रूच्या पोरीचं, दहावीतल्या साक्षीचं सारं नशीब त्या ओट्यावर टांगलं होतं. चंद्रपूरची एक संस्था दहावीची वीस मुलं निवडून पुढची दोन वर्षं आपल्याकडे ठेवणार होती, राहणं-जेवण-शिकवणं सगळं फुकट; एरवी पत्रूच्या ऐपतीत पोरीचं पुढचं शिक्षण बसणारं नव्हतं. परीक्षा फोनवरच द्यायची, रविवारी सकाळी दहा ते अकरा. आणि रविवारी होता काला.

साडेनऊला साक्षी मंडपाच्या कडेला आली. हातात आईचा फोन.

“आजोबा, पासवर्ड सांगा ना. दहाले पेपर हाय माहा.”

“काल्याच्या दिवशी पासवर्ड कायचा वं? एकानं घेतला का दहा जण लटकतात त्याले. बारा वाजता ये, देतो.”

“बारा वाजता कायले, आजोबा? अकराले संपते.”

“मंग मिथुनले इचार, आपल्या घरच्या नेटवर...” एवढ्यात मृदंगावर थाप पडली, आणि वामनरावांचं वाक्य तिथंच राहिलं. महाराज उभे राहिले होते. वामनरावांनी कॅमेरा सरळ केला आणि हात जोडले. मागे वळून पाहिलं तेव्हा पोरगी नव्हती.

महाराजांनी त्या दिवशी काला असा रंगवला की काय सांगावं! कोणाची शिळी भाकर, कोणाचं दही, कोणाच्या शिदोरीत नुसती चटणी. देवानं सगळं एकत्र कालवलं आणि म्हणाला, आता सांगा, यातलं कोणाचं कोणतं? वामनराव ढसढसा रडले. आणि खिशात चिठ्ठी तशीच.

बाराच्या सुमारास काला वाटणं सुरू झालं. पत्रूची बायको गिरजाबाई मंडपाच्या बाहेर येऊन उभी राहिली. वामनरावांनी मोठ्या मनानं द्रोण पुढे केला. “घ्या गिरजाबाई.”

“आमी बौद्ध, देवाचं खात नाई, भाऊ, तुमाले ठाऊक हाय. अन् मी मागालेही नाई आली. पोरीचं सांगाले आली.” तिचा आवाज चढला नाही. “सहा किलोमीटर सायकल दामटली तिनं, फॉरेस्ट नाक्यावर. तिथी रेंजची एक दांडी येते. नऊ प्रश्न सोडोले, मंग पान गोल गोल फिरत राह्यलं. पेपर गेला.”

“माह्या घरी काऊन नाई गेली? मिथुन तं घरीच पेपर देऊन राह्यला होता.”

“गेली होती. तुमच्या सूनबाईनं दारातूनच सांगतलं, पोरगा परीक्षेले बसला हाय, गलका नको.”

गिरजाबाई म्हणाली, “माही आजी सांगे, गावच्या विहिरीले आमच्यासाठी कुलूप होतं. मी म्हणो, बाई, गेले ते दिवस. आज माह्या पोरीनंही पाह्यलं. पाण्याचं नाई, वायफायचं पाह्यलं.”

“नाई बाई, जातीपातीचं माह्या मनातही नोतं!”

“नसन. पण कुलूप तं लागलं ना, भाऊ? बाहेर कोण राह्यलं, ते पाहा.”

अरेरे! सात दिवस कानात ओतलेलं सगळं कीर्तन त्या एका वाक्यापुढे कोरडं पडलं. महाराज जवळच उभे होते. त्यांनी हातातला द्रोण खाली ठेवला. “वामनराव, आज कीर्तन या बाईंनी केलं. मी नुसता ओरडलो.”

वामनरावांनी तिथूनच, पंचायतीच्या नेटवरून, संस्थेला फोन लावला, विनवण्या केल्या. पलीकडची मुलगी अदबीनं म्हणाली, “काका, वेळ संपली की पेपर बंद होतो. पुढच्या वर्षी नवीन दहावीची मुलं घेतील.” पुढच्या वर्षी साक्षी दहावीत नसणार, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

महिन्याभरात मिथुन निवडला गेला. वामनरावांनी पेढे वाटले नाहीत. पंचायतीचं नेट पुन्हा खुलं झालंच होतं. त्यांनी आपल्या ओसरीवरही सतरंजी टाकली, दिवा लावला आणि घरोघर जाऊन सांगितलं, पोरांना पाठवा. सूनबाई कुरकुरली, तर म्हणाले, “गलका होऊ दे.”

पोरं आली. साक्षीही आली, धाकट्या बहिणीला, खुशबूला घेऊन. तिनं बहिणीला पायरीवर चढवलं, फोन तिच्या हातात दिला.

“तूही बस ना, बेटा.”

“नाई आजोबा. मी मायसंग धानाच्या रोवण्याले जातो उद्यापासून. इले शिकू द्या.” आणि ती वळून गेली.

मंडळी, पश्चात्तापानं देव पावतो म्हणतात. पावत असेल. गेलेला तास तो परत देत नाही. एका घरात तार आणि दहा घरांत अंधार असेल, तर परीक्षा हुशारीची होत नाही, घराची होते. तुमच्या घरी तार असेल, तर शेजारचं लेकरू दारात येण्याची वाट पाहू नका. आजच बोलवा. तोच काला, आणि तो वेळेवर वाटला तरच काला.