अर्धी बाटली

काकूंनी हातमोजा ओढला, तर करंगळी शेजारच्या बोटाच्या घरात जाऊन बसली. तो मोजा फेकावा लागला. सिस्टरने बॅगेतून दुसरी जोडी काढून पुढे सरकवली.

"घाई नाही, काकू. पण आज मी कशालाच हात लावणार नाही."

आज परीक्षाच होती. काकांच्या छातीत नळी बसवलेली होती. फुफ्फुसाभोवती साठणारं पाणी दिवसाआड तिच्यातून बाटलीत काढायचं. आजवर ते सिस्टर करत होती. काकूंना जमलं तर पुढेही घरीच, नाहीतर दर वेळी काकांना जिने उतरवून हॉस्पिटलात न्यायचं. आणि काकांना तर बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागे.

काका मात्र उशांना टेकून ऐटीत बसले होते. लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"लाइन पूर्ण रिकामी करायची बघ," ते म्हणाले. "अर्धवट सोडली की तुंबलीच समज."

"तुम्ही गप्प बसा. इथे तुमचा पाना नाही चालायचा."

काकूंनी नळीचं तोंड पुसलं, बाटली जोडली आणि चाप सैल केला. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी बाटलीत उतरू लागलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"दुखलं किंवा खोकला आला तर लगेच सांगा, काका," सिस्टर म्हणाली. "मग थांबायचं असतं."

"छे, मजेत आहे मी."

बाटली अर्धी भरली. काका खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाइपांना नावं ठेवत होते, कोणत्या शहाण्याने बसवलेत म्हणून. चादर सारखी करताना काकूंची नजर त्यांच्या पायाकडे गेली. डावा अंगठा आत वळला होता. जिन्यावरून पडून हात मोडला तेव्हा तो असाच वळला होता, आणि लेकीला सासरी पोचवून घरी आले तेव्हाही. दोन्ही वेळा तोंडाने मात्र 'काही नाही, काही नाही' चाललं होतं.

"दुखतंय का हो?"

"नाही म्हटलं ना. चालू दे."

काकूंनी चाप बंद केला.

"अगं, अर्धीच झाली ती. सिस्टर, घाबरली हो ही, एवढंच. येतं तिला सगळं. उघड परत."

"नाही उघडणार."

हातातोंडाशी आलेलं आपणच घालवलं, हे काकूंना कळत होतं. तरी चापावरची बोटं त्यांनी काढली नाहीत.

सिस्टरने काकांच्या कपाळावरचा घाम पाहिला. "टोपण लावा आणि पट्टी करा," एवढंच ती म्हणाली. शेवटची चिकटपट्टी बसेपर्यंत ती बघत उभी राहिली. मग तिने आपली बॅग उचलली.

"उरलेल्या बाटल्या कपाटात ठेवा. काही अडलं तर फोन करा. आता मी यायला नको."

"पण अर्धीच…"

"कधी थांबता, तेच बघायचं होतं मला."

दार लागलं. काकू पलंगाच्या कडेला टेकल्या.

"दुखतं म्हटलं असतं, तर नापास केलं असतं तिने तुला," काका छताकडे बघत म्हणाले.

काकूंनी त्यांच्या पावलावर हात ठेवला.

"आता नाही कुणी. सांगा."

काकांनी छतावरची नजर खाली आणली.

"दुखतंय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

काकूंच्या हाताखाली अंगठा हळूहळू सरळ झाला.